दारावरच्या मावशी आणि चष्मेवाल्याची जुळी

बालवर्गाला शिकवणाऱ्या ताई तीन-चार वर्षांनी बदलायच्या. मुख्याध्यापिकाही एकदा बदलल्या. दारावर मात्र बावीस वर्षं एकच बाई उभी होती. हजेरीपटावर तिला नाव होतं, पण ते महिन्याच्या सहीपुरतं. एरवी मुलांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच. ज्यांची नाकं त्यांनी पुसली होती, ते लोक आता स्वतःची पोरं घेऊन दारात यायचे, आणि तेही मावशीच म्हणायचे.

काम म्हणाल तर ठरलेलं. साडेसातला येऊन दाराची कडी काढायची. पोरांच्या हाताला लागू नये म्हणून ती मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवलेली होती. मग बुटक्या बेसिनचे चारही नळ सोडून बघायचे, फरशीवरून ओलं फडकं फिरवायचं, खुंट्यांवरची चित्रं सुटली असतील तर डिंक लावून चिकटवायची. वाचता न येणाऱ्या मुलांना आपली खुंटी कळावी म्हणून प्रत्येकीवर एकेक चित्र होतं, मासा, छत्री, किल्ली, बदक. आठ वाजता दार उघडायचं आणि आईबापांच्या हातातून मुलं आपल्या हातात घ्यायची.

हे शेवटचं काम ऐकायला सोपं. पण बावीस वर्षांत हजारावर हात त्यांच्या हातात आले होते. कोणता हात आपोआप सुटतो, कोणता सोडवावा लागतो आणि कोणता सुटल्याचं नाटक करून दहा मिनिटांनी दार बडवतो, हे त्यांना आधीच कळतं, असा आयांचा समज होता. त्यामुळे प्रवेशाचे दिवस आले की फाटकाशी कुजबुज सुरू व्हायची. मावशी, तुम्हाला काय वाटतं, घालू का यंदा? की वर्षभर थांबू?

सुरुवातीला मावशी सांगायच्या. एकदा बेकरीवाल्याच्या मुलाला चाचणीत वीसपैकी एकोणीस गुण मिळाले आणि मावशी त्याच्या आईला म्हणाल्या, थांबा अजून. का, तर मुलगा रंग, आकार, आकडे सगळं धडाधड सांगत होता, पण प्रत्येक उत्तरानंतर आईच्या तोंडाकडे बघत होता. आईनं ऐकलं नाही. पोरानं पहिले चार महिने रोज चड्डी ओली केली. ही गोष्ट फिरत फिरत मुख्याध्यापिकांच्या कानावर गेली. त्यांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मावशींना खोलीत बोलावून फार शांतपणे सांगितलं की चाचणी घ्यायला ताई आहेत, निर्णय घ्यायला आपण आहोत. "मावशी, दार तुमचं, वर्ग आमचा."

तेव्हापासून मावशींनी तोंडाला कुलूप लावलं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, ताईंना विचारा. सहा वर्षं असंच चाललं.

मावशींना या गोष्टीत एवढं लक्ष का, याला कारण होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा. शाळेत येण्याआधी मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात होत्या. तिथे गरम रुळांखालून चादरी काढायच्या, दोघींनी दोन टोकं धरायची, चार घड्या घालायच्या, दिवसाला सहाशे. पाळी सकाळी सातची. नवरा लांब पल्ल्याच्या मालगाडीवर चालक, आठवड्यातून दोन रात्री घरी. मुलगा साडेतीन वर्षांचा झाला आणि सांभाळणारी शेजारीण गाव सोडून गेली. तेव्हा दाखले कुणी मागत नसे. मावशींनी अर्जावर जन्माच्या सालात एक आकडा मागे केला आणि पोराला बालवर्गात बसवलं.

तो रडला नाही. हीच गोष्ट मावशींनी धरून ठेवली होती. रडला नाही म्हणजे रुळला. पुढे तो प्रत्येक वर्गात सगळ्यात ठेंगणा राहिला, शर्यतीत शेवटचा आला, काठावर पास होत दहावीपर्यंत पोचला आणि मग लिफ्टच्या दुरुस्तीचं काम शिकला. त्यात त्याचं बरं चाललं होतं. कागदावर तो पस्तीस वर्षांचा होता, खरा चौतिसाचा. "तुझ्यामुळे मी एक वर्ष लवकर निवृत्त होणार," असं तो चेष्टेनं म्हणायचा. एकदा मावशींनी विचारलं होतं, तुला तेव्हा शाळेत त्रास झाला का रे? आठवत नाही, असं म्हणून त्यानं पेचकस उचलला आणि त्यांच्या शिलाई मशीनचं झाकण उघडलं. मशीन बिघडलं नव्हतं.

तर अशा या मावशींच्या दारात त्या वर्षी चष्मेवाल्याची जुळी आली.

चष्मेवाल्याचं दुकान शाळेपासून दोन चौक पुढे. तो स्वतः डोळे तपासायचा आणि भिंगं घासून बसवायचा. त्याची बायको इस्पितळात औषधांच्या खिडकीवर होती. जुळ्यांत मुलगी अकरा मिनिटांनी मोठी. ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला लागायची ते झोपेत तोंड मिटेपर्यंत, म्हणून घरात तिला टकळी म्हणत. मुलगा बोलायचाच नाही. अगदी नाही असं नाही, पण दिवसाला चार शब्द, तेही अडलं तर. त्याला आत्यानं ठोंब्या हे नाव दिलं होतं, आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. दोघं साडेचार वर्षांची.

चाचणीच्या सकाळी ताईंनी आधी टकळीला आत बोलावलं. वर्गाचं दार उघडंच होतं. ठोंब्या बाहेर बाकावर मावशींच्या शेजारी बसला. टकळीनं रंग सांगितले, बोटं मोजली, मणी ओवले, एका पायावर उभी राहिली, आणि ताईंच्या कानातलं कुठून आणलं याचीही चौकशी केली. वीसपैकी अठरा. मग ठोंब्या आत गेला. ताईंनी विचारलं, हा कोणता रंग? ठोंब्यानं रंगाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं आणि खिडकीकडे बघितलं. मणी तेवढे ओवले. वीसपैकी सात.

दोन दिवसांनी निकाल कळवला गेला. मुलीला प्रवेश, मुलानं एक वर्ष थांबावं.

चष्मेवाल्याच्या घरी यावरून रण माजलं. चष्मेवाला म्हणे, दोघांनाही पाठवू, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. त्याची बायको म्हणे, दोघांनाही ठेवू, एकत्र जन्मली तर एकत्रच जाऊ देत. आत्या म्हणाली, शाळेचं बरोबर आहे, हुशार पोरीला मठ्ठ भावापायी का अडवायचं? मठ्ठ हा शब्द निघाल्यावर जुळ्यांची आई ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी आली आणि मावशींना विचारलं. मावशींनी ठरलेलं उत्तर दिलं, ताईंना विचारा. ती म्हणाली, "ताईंनी कागद बघितला. तुम्ही पोरं बघितलीत." आणि इस्पितळाच्या वेळेला उशीर होतो म्हणून ती निघून गेली.

आता, मावशींनी बघितलं होतं हे खरंच. टकळी आत असताना ठोंब्या बाकावरून उठला होता, बेसिनपाशी जाऊन पाणी प्यायला होता, नळ पिळून बंद केला होता. बुटाचं बक्कल सुटलं तर खाली बसून त्यानं लावलं होतं. मग दप्तर किल्लीच्या चित्राखाली अडकवलं आणि बहिणीचं दप्तर बदकाखाली. कुणी सांगितलं नव्हतं. आणि आत टकळी बोलत होती खरी, पण प्रत्येक उत्तराआधी तिची नजर दारातून बाहेर बाकाकडे जात होती. ठोंब्या पाणी प्यायला उठला तेवढ्या वेळात ती दोन प्रश्न चुकली होती. तेच ते दोन गुण.

मावशींनी दोन रात्री विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. सहा वर्षांत स्वतःहून पहिल्यांदा.

"बाई, दार माझं म्हणून बोलते," त्या म्हणाल्या. "त्या जुळ्यांना एकेकटं बोलवा. एक दिवस हा, एक दिवस ती. दुसऱ्याला घरीच ठेवू देत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. तोही त्याच दुकानातला. "का?"

"अठरा गुण दोघांचे मिळून आहेत, असं मला वाटतं."

मोठ्या बाई जुन्या शिक्षिका होत्या, कानानं हलक्या नव्हत्या आणि मनानंही लहान नव्हत्या. त्यांनी ताईंना बोलावून दोन सकाळी ठरवल्या.

पहिल्या सकाळी ठोंब्या एकटा आला. वडिलांचा हात सोडताना त्यानं एकदा वर बघितलं, बस. तीन तास इतर मुलांत बसला. ठोकळ्यांची भिंत केली, पाडली, परत केली. एका पोरीच्या सदऱ्याचं बटण अडकलं होतं ते सोडवून दिलं. बोलला एकच शब्द. मावशी पेल्यात पाणी ओतत होत्या तेव्हा म्हणाला, "पुरे."

दुसऱ्या सकाळी टकळी आली. पहिली वीस मिनिटं तिनं वर्ग डोक्यावर घेतला. मग दप्तर कुठे अडकवायचं हे तिला कळेना. बदक समोर होतं, ते बदक आहे हे तिनंच ताईंना ओरडून सांगितलं होतं, पण दप्तर हातात घेऊन ती उभीच राहिली. म्हणाली, त्याला विचारा. ताई म्हणाल्या, तो घरी आहे, तूच लाव. ती गप्प झाली. गप्प टकळी कुणी पाहिलीच नव्हती. बुटाचं बक्कल तिला लावता येत नव्हतं, तहान लागली की नाही हे तिला सांगता येत नव्हतं, आणि लघवीला जाऊ का हेही ती घरी भावाला विचारूनच ठरवत असावी, कारण तासाभरानं ती टेबलाखाली ओल्या फ्रॉकमध्ये सापडली. मावशींनी तिला बाहेर काढलं, धुतलं, शाळेतला जादाचा फ्रॉक घातला आणि बाकावर स्वतःशेजारी बसवलं. साडेअकरापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

मोठ्या बाईंनी चष्मेवाल्याला आणि त्याच्या बायकोला बोलावलं आणि सगळं जसं झालं तसं सांगितलं. शाळेचं मत आता उलटं होतं. मुलाला पाठवा, मुलीला वर्षभर थांबवा. वेगवेगळी राहिली तर तिचे हात चालायला लागतील आणि त्याचं तोंड. पण सक्ती नाही, निर्णय घरच्यांनी घ्यावा.

बायकोनं विचारलं, एकेकटं बोलवायची कल्पना कुणाची? मोठ्या बाईंनी सांगितलं.

आठ दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग आईनंच ठरवलं. ठोंब्या शाळेत जाईल, टकळी वडिलांच्या दुकानात बसेल. आत्यानं तर कपाळावर हात मारला. बोलकी पोर घरात आणि मुका पोरगा शाळेत, हे तिला कुठल्याच हिशेबात बसेना. गल्लीत तर लोकांना आयता विनोद मिळाला, की दुसऱ्यांना सरळ दाखवतो आणि चष्मेवाल्याला स्वतःला मात्र उलटं दिसतं.

पहिले दोन महिने वाईट गेले. टकळी दुकानाच्या काचेला नाक लावून शाळा सुटायची वाट बघत उभी राहायची. जेवायची नाही. गिऱ्हाइकांनी गोड बोलून विचारलं तर पाठ फिरवायची. आई सकाळी ठोंब्याला सोडायला यायची तेव्हा मावशींकडे बघायचीही नाही. मुलाचा हात मावशींच्या हातात देताना जणू खुंटीला दप्तर अडकवतेय, असं तोंड करायची. मावशींनी ते निमूट सोसलं. बोलल्या होत्या, आता ऐकून घेणं भाग होतं.

ठोंब्याकडे बघून मात्र त्यांना धीर यायचा. तो रोज यायचा, दप्तर अडकवायचा, बसायचा. रडणं नाही, दार बडवणं नाही. दिवाळखोराच्या दुकानासारखं शांत पोर, असं शिपाई म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यानं ताईंना एक आख्खं वाक्य सांगितलं, की खिडकीतल्या कुंडीला कालपासून पाणी नाही. ताई धावत मावशींना सांगायला आल्या. त्यानंतर तो हळूहळू बोलायला लागला, मोजकं, पण लागेल तेवढं.

दुकानात टकळीही सुधारली. चष्मेवाल्यानं तिला चष्म्यांच्या रिकाम्या डब्या लावायला दिल्या, काळ्या एकीकडे, तपकिरी एकीकडे. आधी प्रत्येक डबी हातात धरून, ही कुठे, असं विचारायची. तो मान वर न करता भिंग घासत राहायचा. एक दिवस तिनं विचारायचं सोडलं. बक्कल लावायला ती त्याच हिवाळ्यात शिकली. पुढच्या वर्षी बालवर्गात आली, आणि मावशींचा हात सोडून अशी आत गेली की मागे वळून बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी तिची आई फाटकाशी थांबली. म्हणाली, येते मावशी. त्या दोन शब्दांत जे होतं ते मावशींनी घेतलं. मोठ्या बाई तर नंतर दर चाचणीच्या सकाळी बाकापाशी येऊन विचारायच्या, काय मावशी, तुमचे गुण किती?

इथे गोष्ट संपली असती तर मावशींची कारकीर्द कौतुकात संपली असती. तसं झालं नाही.

मावशी साठीला आल्या, त्यांची सहा महिन्यांची नोकरी उरली होती. तेव्हा एका दुपारी शाळा सुटल्यावर टकळी बालवर्गाच्या दारात आली. ती आता वरच्या मजल्यावर पाचवीत होती. ठोंब्या सहावीत. अकरा मिनिटांनी मोठी असून सगळे तिला धाकटी समजत, आणि हे तिला खुपत होतं. आदल्या दिवशी आत्यानं बोलता बोलता तिला सगळा जुना किस्सा सांगून टाकला होता.

"तुम्ही सांगितलंत ना, मला घरी ठेवा म्हणून?" तिनं विचारलं.

मावशींना ताईंवर, मोठ्या बाईंवर ढकलता आलं असतं. "वेगवेगळं बोलवा, असं मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "पुढचं त्यातूनच झालं. म्हणजे मीच."

टकळीनं त्या सकाळी काय झालं ते विचारलं. मावशींनी काही न लपवता सांगितलं, दप्तर, बदक, टेबल, ओला फ्रॉक. ती ऐकत राहिली. राग आला असेल तर तोंडावर दिसला नाही. म्हणाली, मला यातलं काहीच आठवत नाही. मग म्हणाली, "ठोंब्याला आठवतं. शाळेत पहिले दोन महिने रोज त्याच्या पोटात दुखायचं."

मावशी फडकं पिळत होत्या. त्या थांबल्या. "कुणी सांगितलं?"

"त्यानंच. काल रात्री आत्या बोलली, मग त्यानं मला सांगितलं. खूप दुखायचं म्हणे. आईला सांगितलं नाही, कारण मी घरी रडत होते, मग आई त्याच्यासाठीही रडली असती."

"मला नाही कळलं," मावशी म्हणाल्या. "रोज माझ्या हातात हात द्यायचा. मला नाही कळलं."

टकळीनं खांदे उडवले. आता त्याचं त्याला काही वाटत नाही, तो फुटबॉलच्या संघात आहे, असं सांगून ती जिन्याकडे गेली. जाता जाता तिनं कोपऱ्यात पडलेली रंगखडूंची पेटी उचलून फळीवर ठेवली.

त्या रविवारी मुलगा जेवायला आला तेव्हा मावशींनी त्याला पुन्हा तोच जुना प्रश्न विचारला. यावेळी त्यानं चेष्टा केली नाही आणि मशीनही उघडलं नाही. म्हणाला, जिना खूप उंच होता, पायऱ्यांवर पाय पोचायचे नाहीत, मोठी मुलं वरून ढकलत खाली यायची, म्हणून तो सगळे जाईपर्यंत वर्गातच बसून राहायचा. अजून काही? अजून काही नाही. मग त्यानं आणखी वाढायला सांगितलं आणि मावशींनी वाढलं.

उरलेले सहा महिने मावशींनी दार सांभाळलं. मोठ्या बाईंनी चाचणीच्या सकाळी नेहमीप्रमाणे गुण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, रडणाऱ्यांचं सांगते, गप्प बसणाऱ्यांचं मला सांगता येत नाही. मोठ्या बाईंना वाटलं, मावशी आता थकल्या.

त्या वर्षीच्या वर्गात सात मुलं न रडणारी होती. रोज मधल्या सुट्टीत मावशी त्यांच्यापैकी एकेकाला बाकावर बोलवायच्या, बूट ठीक करायच्या निमित्तानं, आणि हळूच विचारायच्या, पोटात दुखतं का रे? पाच जणांनी नाही म्हणून सांगितलं. दोघांनी हो म्हटलं.

त्या दोघांच्या आयांशी मावशी फाटकाशी उभं राहून बोलल्या. एकीनं मुलाला घरी ठेवलं. दुसरी रोज अर्धा तास उशिरा न्यायला यायची ती दहा मिनिटं आधी यायला लागली, आणि तेवढ्यानंच भागलं.